पन्नास मणक्यांचा साप: एका सोप्या खेळातील ॲरेचा आकार आणि इंडेक्स यांचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण सी भाषेत लिहिलेल्या सापाच्या खेळाचे आहे. पटावर फळ दिसते, साप ते खातो, एका मणक्याने लांब होतो, आणि भिंतीला किंवा स्वतःच्याच अंगाला धडकला की खेळ संपतो. १९७६ मधील 'ब्लॉकेड' या आर्केड खेळापासून ही कल्पना चालत आलेली आहे आणि १९९७ मध्ये 'नोकिया ६११०' या मोबाईलवर ती आल्यानंतर ती जगभर घरोघरी पोहोचली. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला हा खेळ सोपा वाटतो, कारण त्याचे नियम दोन वाक्यांत सांगता येतात. मात्र त्यात दोन वेगळ्या स्वभावाचे ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांच्या क्रमवार रांगा, लागतात: एक पटाचा, ज्याचा आकार कधीच बदलत नाही, आणि एक सापाच्या देहाचा, ज्यातला वापरात असलेला भाग प्रत्येक फळागणिक वाढतो. खाली वर्णन केलेले सगळे दोष या दोन स्वभावांची गल्लत झाल्यामुळे आणि 'आकार' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या संख्या वावरत असल्यामुळे निर्माण झाले.

प्रोग्राम एका विद्यार्थिनीने लिहिला होता. पट १५ ओळींचा आणि २० स्तंभांचा होता. सगळी माहिती तिने एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे अनेक घटकांच्या एका गठ्ठ्यात, पुढील क्रमाने ठेवली होती (नावे वाचकाच्या सोयीसाठी मराठीत दिली आहेत): प्रथम पट[१५][२०] हा अक्षरांचा ॲरे, नंतर देह_स्तंभ[५०] आणि देह_ओळ[५०] हे पूर्णांकांचे दोन ॲरे, त्यानंतर लांबी आणि शेवटी गुण. सापाचे डोके इंडेक्स ० वर (इंडेक्स म्हणजे ॲरेतील घटकाचा क्रमांक) असे आणि शेपूट इंडेक्स लांबी − १ वर. खेळाच्या प्रत्येक पावलाला आधी शेपटाकडून डोक्याकडे येत प्रत्येक मणक्यात त्याच्या पुढच्या मणक्याची जागा उतरवली जाई, मग डोके एक घर पुढे जाई, भिंत तपासली जाई, फळ खाल्ले गेले का ते पाहिले जाई, संपूर्ण पट रिकाम्या जागांनी भरला जाई आणि त्यावर एकेक मणका '#' या चिन्हाने काढला जाई. ही रचना चांगली आहे. तिच्यात मुळापासून बदलावे असे काही नव्हते, हे आधीच स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण दोष सापडले की नवशिक्यांचा पहिला कल सगळे पुसून पुन्हा लिहिण्याकडे असतो.

खेळ तिने मैत्रिणींना खेळायला दिला तेव्हा तीन तक्रारी आल्या. एकीच्या म्हणण्यानुसार उजव्या भिंतीला धडकण्याच्या क्षणी डोके डाव्या कडेला, एक ओळ खाली, क्षणभर चमकते. दुसरीचा प्रोग्राम खालच्या भिंतीला धडकल्यावर कधीकधी बंदच पडत होता. कधी मात्र खेळ नेहमीसारखा संपत होता. तिसरी सर्वांत चांगली खेळणारी होती, आणि तिची तक्रार सर्वांत विचित्र होती: साप खूप लांब झाला की एक फळ खाताच तो अचानक तोकडा होतो आणि त्याचे डोके भलत्याच ओळीत जाऊन पडते.

उजवी भिंत

भिंतीची तपासणी अशी होती: डोक्याचा स्तंभ शून्यापेक्षा कमी असेल किंवा २० पेक्षा जास्त असेल तर खेळ संपवावा, ओळीसाठीही तसेच, फक्त २० च्या जागी १५. या अटीमागचा विचार समजण्यासारखा आहे. स्तंभ वीस आहेत, म्हणून वीसच्या पलीकडे गेले की भिंत. परंतु सी भाषेत मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे वीस स्तंभांचे इंडेक्स ० ते १९ असे असतात आणि २० हा इंडेक्स पटाच्या बाहेरचा पहिला इंडेक्स ठरतो. अट 'पेक्षा जास्त' अशी नसून 'इतका किंवा जास्त' अशी हवी होती.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पट रिकामा करणारे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) तिने अगदी बरोबर लिहिले होते: शून्यापासून सुरुवात आणि '२० पेक्षा कमी' असेपर्यंत पुढे. लूपचा साचा तिच्या हाताला बसलेला होता. भिंतीची अट मात्र तिने स्वतः विचार करून लिहिली, आणि तिथे मन पुन्हा १ पासून मोजू लागले. शिकवताना लूपचा साचा पाठ करून घेतला जातो. पण तो साचा तसा का आहे हे सांगितले जात नाही, तोपर्यंत हा फरक राहणारच.

आता ती चमक कशी दिसली ते पाहू. द्विमितीय ॲरे कागदावर जाळीसारखा काढला जातो, पण सी भाषेत तो मेमरीत एका सरळ रेषेत मांडलेला असतो: ओळ ० ची वीस घरे, त्यांना लागूनच ओळ १ ची वीस घरे, असे शेवटपर्यंत. म्हणून पट[ओळ][स्तंभ] या घराचा पटाच्या सुरुवातीपासूनचा क्रमांक ओळ × २० + स्तंभ इतका येतो. डोके ओळ ६, स्तंभ २० वर गेले की क्रमांक ६ × २० + २० म्हणजे १४० होतो. ओळ ७, स्तंभ ० या घराचाही क्रमांक ७ × २० + ० म्हणजे १४०च आहे. त्यामुळे '#' हे चिन्ह डाव्या कडेला एक ओळ खाली उमटले. पुढच्या पावलाला स्तंभ २१ होई, अट लागू पडे आणि खेळ संपे. खेळ एक पाऊल उशिरा संपतो आहे हे कोणाच्या लक्षात येत नसे; लक्षात येई ती फक्त चमक. एखाद्या चतुर खेळाडूने त्या एका पावलात सापाला खाली वळवले असते, तर साप अस्तित्वात नसलेल्या एकविसाव्या स्तंभातून भिंतीच्या बाहेरूनच चालत राहिला असता आणि पडद्यावर मात्र डाव्या कडेने उतरताना दिसला असता.

या गणितासाठी पट चौरस नसणे हा मोठा फायदा होता. ओळी आणि स्तंभ दोन्ही वीसच असते, तर कोणत्या संख्येने गुणायचे आणि पहिला इंडेक्स ओळीचा की स्तंभाचा, यांतली अदलाबदल पूर्ण प्रोग्रामभर सुखेनैव लपून राहते. म्हणून खेळ अखेरीस चौरस पटावर खेळायचा असला, तरी लिहिताना आणि तपासताना पट आयताकृती ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

खालची भिंत: कधी बंद, कधी नाही

खालच्या भिंतीचा दोष तोच, पण परिणाम वेगळा. डोके ओळ १५ वर गेले की घराचा क्रमांक १५ × २० + स्तंभ, म्हणजे किमान ३०० येतो. पटाची घरे ० ते २९९ इतकीच आहेत. पुढे जे असेल त्यावर चिन्ह लिहिले जाते, आणि स्ट्रक्चरमध्ये पटाच्या पुढे देह_स्तंभ हा ॲरे आहे. स्ट्रक्चरमधील घटक लिहिलेल्या क्रमानेच मांडले जातात हा सी भाषेचा नियम आहे. आणि ३०० ला ४ ने पूर्ण भाग जात असल्याने मध्ये रिकामी जागाही सुटत नाही.

पटाचे प्रत्येक घर एका बाइटाचे असते (बाइट म्हणजे मेमरीतील जागेचे एकक), तर आजच्या बहुतेक यंत्रांवर पूर्णांक चार बाइटांचा असतो. डोके स्तंभ १० मधून खाली धडकले, तर चिन्ह देह_स्तंभच्या सुरुवातीपासून दहाव्या अंतरावरील बाइटमध्ये पडते. दहाला चाराने भागले की भागाकार २ आणि बाकी २, म्हणजे देह_स्तंभ[२] या पूर्णांकाचा तिसरा बाइट. कमी मोलाचा बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रांवर (आपले नेहमीचे संगणक असेच आहेत) तिसऱ्या बाइटचे मोल ६५५३६ असते, आणि '#' या चिन्हाचा ॲस्की (चिन्हांना अंक देणारी प्रमाण पद्धत) अंक ३५ आहे. म्हणून १० असलेला तो स्तंभ एका क्षणात १० + ३५ × ६५५३६, म्हणजे २२९३७७० होतो. चित्र काढणारे लूप डोक्यानंतर दोन मणक्यांनी तिथे पोहोचते, पटापासून तेवीस लाख बाइट दूर चिन्ह लिहायला जाते, आणि बहुधा ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्राम तिथेच थांबवते.

डोके स्तंभ २ मधून धडकले तर बिघडतो तो देह_स्तंभ[०]. पण डोके काढून झालेले असते, आणि पुढच्या पावलाला ओळ १६ झाल्यामुळे खेळ संपतो. दिसत काहीच नाही. स्तंभ १५ मधून धडकले तर देह_स्तंभ[३] बिघडतो, आणि साप अजून तीन मणक्यांचाच असेल तर तो घटक वापरातच नसतो, म्हणून पुन्हा काहीच दिसत नाही. एकच चूक कोणत्या स्तंभात घडली आणि त्या वेळी साप किती लांब होता, यावर लक्षण अवलंबून राहते. 'कधीकधी बंद पडतो' अशी तक्रार आली की नवशिक्या योगायोगाला किंवा यंत्राला दोष देतो. प्रत्यक्षात अशा तक्रारीत खेळाडूला विचारायचा पहिला प्रश्न 'कुठे होतास आणि साप केवढा होता' हा असतो. या प्रकरणात त्या उत्तरानेच शोधाची दिशा ठरली.

अशा वेळी डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून त्यातील संख्या दाखवणाऱ्या साधनात) दिसणारी भलती संख्या फेकून देण्यासारखी नसते. याच प्रोग्रामच्या सुरुवातीच्या एका मसुद्यात मणके सरकवणारे लूप एक फेरी जास्त फिरत होते, त्यामुळे देह_स्तंभ[−१] वाचले जाई आणि डोक्याचा स्तंभ ५३८९७६२८८ असा येई. ही संख्या सोळाच्या पायात लिहिली की २०२०२०२० अशी दिसते, आणि ॲस्कीत रिकाम्या जागेचा अंक सोळाच्या पायात २० च आहे. म्हणजे चार रिकाम्या जागा: पटाच्या शेवटच्या ओळीतील शेवटची चार घरे, जी देह_स्तंभच्या अगदी आधी येतात. संख्येनेच आपला पत्ता सांगितला. तो दोष पहिल्याच पावलाला उघडा पडत असल्याने तिने तो लगेच दुरुस्त केला होता.

पन्नास मणक्यांनंतर

तिसऱ्या तक्रारीचा दोष मात्र खोल लपलेला होता. साप तीन मणक्यांनी सुरू होतो, म्हणजे पन्नास मणके होण्यासाठी सत्तेचाळीस फळे खावी लागतात, आणि बिघाड अठ्ठेचाळिसाव्या फळाला होतो. लिहिणारी व्यक्ती तपासताना चार-सहा फळे खाते आणि खेळ चालतो आहे असे समजते.

फळ खाल्ल्यावर वाढ अशी होत असे: देह_स्तंभ[लांबी] मध्ये शेपटाचा स्तंभ उतरवायचा, देह_ओळ[लांबी] मध्ये शेपटाची ओळ उतरवायची, मग लांबी एकने वाढवायची. लांबी ४९ असेपर्यंत हे बिनचूक आहे. लांबी ५० झाल्यावर देह_स्तंभ[५०] हा घटक अस्तित्वात नाही. त्या जागी देह_ओळ[०] आहे, म्हणजेच डोक्याची ओळ. देह_ओळ[५०] च्या जागी तर प्रत्यक्ष लांबी हेच व्हेरिएबल आहे. समजा, त्या क्षणी शेपूट ओळ ६, स्तंभ १२ वर आहे. प्रोग्रामच्या या तीन ओळींपैकी पहिलीने डोक्याची ओळ १२ होते, म्हणून डोके भलतीकडे उडी मारते. दुसऱ्या ओळीने लांबी ६ होते, तिसरीने ७. पन्नास मणक्यांचा साप सात मणक्यांचा होतो. तक्रारीतील दोन्ही लक्षणे, डोक्याची उडी आणि तोकडेपणा, या तीन ओळींतूनच आली होती आणि शेपूट कुठे होते हे कळले असते तर आधीच सांगता आली असती.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वरचे गणित कंपायलरने (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने) कोणतेही अनुकूलन, म्हणजे वेग वाढवणारे फेरफार, न करता प्रोग्राम तयार केला तर लागू पडते. मर्यादेबाहेरचे लिखाण हे सी भाषेच्या नियमांनुसार अपरिभाषित वर्तन आहे. म्हणजे देह_ओळ मध्ये लिहिल्याने लांबी बदलणार नाही असे गृहीत धरण्याचा कंपायलरला पूर्ण अधिकार आहे. अनुकूलन चालू केल्यावर त्याने लांबी आधीच वाचून ठेवली असेल, तर तिसऱ्या ओळीनंतर ती ५१ होऊ शकते आणि साप तोकडा होतच नाही. बिघाड पुढे कुठेतरी निराळ्या रूपात दिसतो. 'माझ्या यंत्रावर चालते' हे वाक्य अशा दोषांत काहीच सिद्ध करत नाही.

दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी कोणालाही अठ्ठेचाळीस फळे खात बसण्याची गरज नव्हती. ॲरेचा आकार ५० ऐवजी ५ केला की तिसऱ्या फळाला तोच बिघाड होतो. ही युक्ती मला फार मोलाची वाटते: मर्यादा दूर असेल तर मर्यादेपर्यंत जाण्यापेक्षा मर्यादाच जवळ आणावी. मात्र त्यासाठी ती संख्या प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी, नाव देऊन लिहिलेली असावी लागते. या प्रोग्राममध्ये ५०, २० आणि १५ या संख्या जागोजागी विखुरलेल्या होत्या, म्हणून दुरुस्तीचे पहिले काम त्यांना नावे देणे हेच ठरले.

नाव देताना खरा प्रश्न समोर आला: ५० कुठून आले? विचारल्यावर उत्तर मिळाले की एवढे पुरेल असे वाटले. खेळाच्या नियमांत या प्रश्नाचे निश्चित उत्तर आहे. सापाचे दोन मणके एका घरात राहू शकत नाहीत, म्हणून साप पटावरील घरांपेक्षा लांब होऊ शकत नाही, आणि घरे १५ × २० म्हणजे ३०० आहेत. तेव्हा कमाल_लांबी ही ओळी आणि स्तंभ यांच्या गुणाकारानेच ठरवली गेली, म्हणजे पट बदलला की तीही आपोआप बदलेल. तीनशे पूर्णांकांचे दोन ॲरे मिळून २४०० बाइट लागतात. आजच्या संगणकावर ही जागा नगण्य आहे आणि त्यासाठी अंदाजाने काटकसर करण्याचे काही कारण नव्हते.

एका नावाखालच्या चार संख्या

तिच्याशी बोलताना असे दिसले की 'ॲरेचा आकार' म्हणताना तिच्या मनात प्रसंगानुसार चार वेगळ्या गोष्टी येत होत्या. ॲरेत किती घटक मावतात ती क्षमता, म्हणजे ३००. त्यातले आत्ता किती अर्थपूर्ण आहेत ती लांबी, जी ३ पासून वाढते. वापरण्याजोगा सर्वांत मोठा इंडेक्स, जो नेहमी घटकसंख्येपेक्षा एकने कमी असतो. आणि मेमरीत ॲरे किती बाइट व्यापतो ती संख्या, म्हणजे १२००. वाढीच्या दोषात लांबीची तुलना क्षमतेशी कधी झालीच नव्हती. भिंतीच्या दोषात संख्या आणि शेवटचा इंडेक्स एकच मानले गेले. चौथ्या संख्येची गल्लत दुरुस्ती करताना झाली, आणि तिच्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

वाढीचे काम तिने वेगळ्या फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या स्वतंत्र भागात) नेले, देह_स्तंभ आणि देह_ओळ त्याला पॅरामीटर, म्हणजे बाहेरून मिळणारी माहिती, म्हणून दिले, आणि क्षमता फंक्शनच्या आतच 'साइझऑफ' ही बाइटांची संख्या सांगणारी सोय वापरून काढली: संपूर्ण ॲरेचे बाइट भागिले एका घटकाचे बाइट. हे सूत्र पुस्तकांत सर्वत्र असते आणि ॲरे जिथे जाहीर केला आहे तिथे ते बरोबर उत्तर देते. पण दुरुस्तीनंतर सापाने वाढणेच सोडून दिले. कितीही फळे खाल्ली तरी तो तीन मणक्यांचाच राही.

कारण असे की सी भाषेत ॲरे फंक्शनला देताना ॲरे जात नाही. त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता जातो. पॅरामीटर चौकोनी कंसांसह लिहिला तरी तो पॉइंटरच, म्हणजे फक्त पत्ता ठेवणारा, असतो. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पॉइंटर ८ बाइटांचा, पूर्णांक ४ बाइटांचा, म्हणून भागाकार २ येतो. फंक्शनच्या दृष्टीने क्षमता २ होती आणि साप पहिल्यापासूनच तीन मणक्यांचा, म्हणून 'लांबी क्षमतेपेक्षा कमी आहे का' याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येई. कंपायलरने याबद्दल इशारा दिलेला होता, पण पडद्यावरून तो वर सरकून गेला होता. सी भाषेत ॲरे स्वतःची लांबी बरोबर घेऊन फिरत नाही. फंक्शनला ती वेगळी सांगावी लागते किंवा नाव दिलेला स्थिरांक वापरावा लागतो. येथे स्थिरांक वापरला गेला.

भिंतीसाठी एकच छोटे फंक्शन लिहिले गेले, जे ओळ आणि स्तंभ घेऊन घर पटाच्या आत आहे का एवढेच सांगते: शून्य किंवा जास्त, आणि संख्येपेक्षा कमी. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा या पद्धतीची बाजू संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात मांडली आहे: दोन टोकांची वजाबाकी केली की थेट घटकांची संख्या मिळते, आणि एक टप्पा जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. आपल्या पटावर हे डोळ्यांनी दिसते. एका ओळीचा सोडलेला शेवट म्हणजे १४०, आणि पुढच्या ओळीची सुरुवातही १४०. ज्या गुणामुळे चमक दिसली, तोच गुण हिशेब सोपा करतो. फोर्ट्रान आणि लुआ या भाषांत मोजणी सहसा १ पासून होते. तिथे अटी वेगळ्या लिहाव्या लागतात, पण संख्या आणि शेवटचा इंडेक्स यांचे नाते एकदा ठरवून सर्वत्र तेच पाळण्याची गरज तिथेही तेवढीच आहे.

साधनांनी काय पकडले

दोष शोधताना ॲड्रेस सॅनिटायझर हे साधन प्रथम वापरले गेले, आणि उजव्या भिंतीच्या किंवा वाढीच्या दोषाबद्दल त्याने काहीच सांगितले नाही. हे अपेक्षितच होते. ते साधन एखाद्या संपूर्ण वस्तूच्या बाहेरचे वाचन-लेखन पकडते. या दोन दोषांत सगळे गैरलेखन एकाच स्ट्रक्चरच्या आत, एका घटकातून शेजारच्या घटकात होत होते. ॲरेच्या मर्यादा तपासणारी वेगळी सोय जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आहे, आणि ती चालू करताच पहिल्याच धडकेला अचूक ओळ क्रमांकासह संदेश आला: इंडेक्स २० हा वीस घटकांच्या ॲरेच्या मर्यादेबाहेर आहे. साधन वापरले आणि काही सापडले नाही, एवढ्यावरून प्रोग्राम निर्दोष ठरत नाही. ते साधन नेमके काय पाहते हे माहीत असावे लागते.

हाच खेळ दुसऱ्या भाषेत लिहिला असता तर दोष वेगळ्या जागी बोलले असते. जावामध्ये इंडेक्स २० वर लगेच अपवाद (त्रुटीची सूचना) येतो. पायथनमध्येही उजव्या भिंतीला त्रुटी येते, पण तिथे ऋण इंडेक्स शेवटाकडून मोजला जातो, म्हणून डाव्या भिंतीची अट विसरली तर स्तंभ −१ म्हणजे स्तंभ १९ समजला जातो आणि साप मुकाट्याने उजव्या कडेला उमटतो. जावास्क्रिप्टमध्ये स्तंभ २० वर लिहिले की ती ओळच एकवीस घरांची होते. 'पायथन घेतली असती तर हा त्रास झाला नसता' असे तिला सांगितले गेले होते. ते अर्धेच खरे आहे. गप्प राहणारी भिंत फक्त बदलते.

भिंतीतून आरपार जाणारा साप हा तिचा पुढचा विचार होता, आणि त्यासाठी बाकी काढण्याचे चिन्ह वापरायचे होते. तिथेही भाषांचा फरक नडतो: −१ ला २० ने भागल्यावरची बाकी पायथनमध्ये १९ येते, सी भाषेत −१ च राहते. म्हणून सी भाषेत आधी २० मिळवून मग बाकी काढावी. प्रत्येक पावलाला सगळे मणके सरकवण्याऐवजी चक्राकार ॲरे (शेवटानंतर पुन्हा सुरुवातीला येणारा) ठेवून फक्त डोक्याचा इंडेक्स पुढे नेण्याची सूचनाही पुढे आली. ती चांगली सूचना आहे, पण तीनशे मणके सरकवायला संगणकाला लागणारा वेळ जाणवण्याइतकाही नसतो, आणि इंडेक्सचा अर्थ पक्का बसण्याआधी त्याला चक्रात फिरवणे मला योग्य वाटले नाही. ती सूचना बाजूला ठेवली गेली.

मर्यादेपलीकडचे असे लिखाण व्यावसायिक खेळांतही घडलेले आहे. १९८० च्या 'पॅक-मॅन' मध्ये पातळीचा क्रमांक एका बाइटमध्ये (ज्यात ० ते २५५ एवढेच मावते) ठेवलेला होता. २५६ व्या पातळीला फळे काढणाऱ्या भागात तो उलटून शून्य होतो, लूप थोडीच फळे काढण्याऐवजी २५६ फळे काढू पाहते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटून जातो.

क्षमता पुरेशी झाल्यावर उरलेला प्रश्न

कमाल_लांबी ३०० झाल्यावर आणि 'लांबी कमाल_लांबीपेक्षा कमी असेल तरच वाढवावी' ही अट आल्यावर ॲरेबाहेर लिहिण्याची शक्यता संपली. पण पट पूर्ण भरला तर काय, हा प्रश्न आता प्रथमच खरा झाला. आधी साप तिथवर पोहोचूच शकत नव्हता. फळ ठेवण्यासाठी प्रोग्राम यादृच्छिक घर निवडत असे आणि ते सापाने व्यापलेले असेल तर पुन्हा निवडत असे. एकही घर रिकामे नसेल तर हे लूप कधीच संपत नाही आणि खेळ गोठतो.

विजय कधी जाहीर करायचा हे ठरवताना पुन्हा एका घराचा फरक पुढे आला. फळ खाल्ल्याच्या क्षणी नवा मणका शेपटाच्याच घरात ठेवला जातो आणि पुढच्या पावलाला ते दोघे वेगळे होतात. म्हणजे वर मांडलेला 'एका घरात दोन मणके नाहीत' हा नियम त्या एका क्षणापुरता मोडतो, आणि लांबी ३०० झाली तेव्हा व्याप्त घरे २९९ असतात. एक घर अजून रिकामे असते, प्रोग्राम तिथे फळ ठेवतो, साप तेही खातो, वाढ नाकारली जाते, आणि मग मात्र फळासाठी जागाच उरत नाही. म्हणून फळासाठी घर शोधण्याच्या आधी लांबी कमाल_लांबीइतकी झाली का हे तपासावे आणि झाली असेल तर तिथेच विजय जाहीर करावा, असे ठरले.

हे तपासण्यासाठी पट २ ओळी आणि ३ स्तंभांचा केला गेला. संख्यांना आता नावे होती, म्हणून दोनच ठिकाणी बदल करावा लागला. सहा घरांच्या त्या पटावर तीन मणक्यांचा साप कडेकडेने एकाच दिशेने फिरवत ठेवला की तो स्वतःला धडकत नाही. तिसरे फळ खाताच लांबी ६ झाली आणि विजयाचा संदेश आला. अट काढून तोच पट पुन्हा चालवला, तेव्हा चौथ्या फळानंतर पडदा गोठला. त्यानंतर पट पुन्हा १५ × २० करून, मर्यादांची तपासणी चालू ठेवूनच, खेळ मैत्रिणींकडे परत दिला गेला.